तीस गुणांची मुलाखत

एम.ए. किंवा एम.एस्सी.चा निकाल लागला की सिल्लोड, सोयगाव, भोकरदनकडच्या मुलामुलींपुढे ठरलेल्या वाटा असतात. स्पर्धा परीक्षा, बी.एड., नाहीतर ‘पीएच.डी.ला लागणे’. ही शेवटची वाट धरणाऱ्याला पहिला घोर लागतो तो अभ्यासाचा नसतो. आधी काय आणि नंतर काय, हेच त्याला उमगत नाही. फेलोशिपला पक्की नोंदणी लागते. नोंदणीला आरआरसीची (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीची) मान्यता लागते, मान्यतेला विषय आणि गाईड लागतो, गाईडकडे जागा रिकामी लागते, आणि या सगळ्याच्या आधी पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) नाहीतर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) पदरात लागते. या साखळीत कुठे एकदा, कुठे दोनदा मुलाखत येते. परीक्षेची पुस्तके सिल्लोडच्या बसस्थानकाजवळच्या दुकानातही मिळतात. मुलाखतीत काय होते, कशाला किती गुण पडतात आणि ते कोण ठरवते, हे मात्र आधी जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावरूनच कळते, आणि दोघांचे सांगणे सहसा जुळत नाही.

संशोधनाच्या प्रवेशासाठी मुलाखत असावी का, असल्यास तिला किती वजन द्यावे आणि ती घ्यावी कशी, याविषयी देशात गेली पंधरा-सोळा वर्षे नियम बदलत आले आहेत. न्यायालयातला वाद तर त्याहून जुना. तो कुठवर आला आहे, ते इथे पाहायचे आहे. उमेदवाराने कोणत्या रंगाचा शर्ट घालावा, या मार्गदर्शनासाठी यूट्यूब समर्थ आहे.

गाईडचा होकार

आपल्या भागाचे मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर याच्याकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे राहिले.

या काळातल्या बहुतेक वर्षांत पीएच.डी.चा प्रवेश म्हणजे गाईडचा होकार. विद्यार्थी कोणाची तरी ओळख काढून सरांकडे जायचा. सर आधी चार पुस्तके वाचायला सांगायचे, महिन्याने ‘काय वाचलेस’ म्हणून विचारायचे, एखाद्या चर्चासत्राच्या तयारीला जुंपायचे. सहा महिने टिकला तर विषय द्यायचे. मग आराखडा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सिनॉप्सिस, विद्यापीठाच्या समितीपुढे जायचा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात या कामासाठी ‘बीयूटीआर’ हे मंडळ होते. पुढे ‘आरआरसी’ हे नाव रूढ झाले. समितीपुढची हजेरी बहुतेक वेळा औपचारिक असे, कारण खरी पारख आधीच झालेली असायची.

या पद्धतीची बाजू घेणारे जुने प्राध्यापक आजही भेटतात, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. सहा महिन्यांच्या सहवासात माणूस जेवढा कळतो तेवढा कोणत्याही परीक्षेत कळत नाही. पण ती ओळख मुळात मिळायची कोणाला? ज्याच्या घरात, नात्यात, गावात आधी कोणी प्राध्यापक झालेला आहे त्याला. पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या घरातल्या मुलाला सरांच्या दारापर्यंतचा रस्ताच ठाऊक नसे. नकार मिळाला तर त्याचे कारण कुठे लिहिलेले नसे, आणि होकाराचेही नसे.

नियमांची ये-जा

२००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल.-पीएच.डी.साठी किमान मानकांचे नियम आणले आणि प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, मग कोर्सवर्क असा क्रम घालून दिला. ‘पेट’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो यानंतर. २०१६ च्या नियमांनी मोठा बदल केला. लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती राहिली. ५० टक्के मिळवा आणि पुढे चला, अंतिम निवड मुलाखतीवर. मुलाखतीत काय पाहायचे, तेही या नियमांनी सांगितले: उमेदवाराची त्या संशोधनाची कुवत आहे का, ते काम त्या संस्थेत नीट होऊ शकेल का, आणि त्या विषयातून ज्ञानात काही नवी भर पडेल का.

तिन्ही निकष ऐकायला निर्दोष आहेत. पण ते लागू झाल्यावर सर्वांत मोठे आंदोलन दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात झाले. तिथे आधी ७० गुण लेखीला आणि ३० तोंडी परीक्षेला होते, आणि ते ३० सुद्धा जास्त आहेत अशी तिथल्या विद्यार्थ्यांची जुनी तक्रार होती. प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीने २०१६ मध्ये मागील काही वर्षांचे गुण तपासले. लेखी आणि तोंडी गुणांतली तफावत सामाजिक गटांनुसार ठरावीक दिशेने झुकते, असे तिला आढळले. तोंडीचे गुण ३० वरून १५ करावेत, ही तिची शिफारस. प्रत्यक्षात त्याच सुमारास राष्ट्रीय नियम उलट दिशेला, १०० टक्के मुलाखतीकडे गेले होते. पुढे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये आयोगाने दुरुस्ती करून ७०:३० हे प्रमाण आणले.

नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी तेच कायम ठेवले. लेखी परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर, ५० टक्क्यांना मुलाखतीची पात्रता, राखीव गटांना आणि दिव्यांगांना ५ टक्क्यांची सूट, नंतर ७०:३०. याच नियमांनी एम.फिल. बंद केले आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी घेतलेल्याला थेट पीएच.डी.चे दार उघडले. मार्च २०२४ मध्ये पुढची पायरी आली. विद्यापीठांनी स्वतःच्या परीक्षेऐवजी नेटचे गुण धरावेत, असे आयोगाने सुचवले. नेटचे तीन गट पडले. पहिल्या गटाला जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती), आणि त्यांची निवड फक्त मुलाखतीवर. दुसऱ्या-तिसऱ्या गटाला नेटचे ७० आणि मुलाखतीचे ३०, तेही एका वर्षाच्या आत वापरायचे.

या नव्या व्यवस्थेची पहिलीच नेट १८ जून २०२४ ला झाली आणि दुसऱ्या दिवशी रद्द झाली. फेरपरीक्षा २१ ऑगस्टपासून सुरू झाली. ‘एक देश, एक परीक्षा’ म्हणणाऱ्यांना हा अपघात वाटला आणि विरोधकांना पुरावा. दोघांचेही थोडे खरे. पुणे, मुंबईसारख्या विद्यापीठांनी त्यानंतरही आपली पेट घेतलीच. म्हणजे आज दोन्ही दारे उघडी आहेत, आणि दोन्ही दारांच्या आत मुलाखतीचे टेबल आहे.

न्यायालय काय म्हणाले होते

हा वाद पीएच.डी.पुरता कधीच नव्हता. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला अजय हासिया खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण तो आठवतो वेगळ्या कारणासाठी: सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था ‘राज्य’ ठरते का. त्याच निकालात मुलाखतीचाही प्रश्न होता. लेखीला १०० गुण, तोंडीला ५०. मुले सांगत होती की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि वडील काय करतात, राहता कुठे, एवढेच विचारले. न्या. भगवतींनी लिहिलेल्या या निकालाने एकूण गुणांच्या एक तृतीयांश गुण तोंडीला ठेवणे अवाजवी ठरवले, प्रवेशासाठी १५ टक्क्यांवर जाऊ नये असे म्हटले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. ही सूचना टेपरेकॉर्डरच्या जमान्यातली आहे. आज प्रत्येक खिशात रेकॉर्डर आहे, आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर मोबाइल जमा करून घेण्यासाठी टोपली आहे.

त्याच सुमारास, १९८१ मध्ये, लीला धर खटल्यात न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. नुकतेच शाळा-महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांचे व्यक्तिमत्त्व घडायचे असते, म्हणून तिथे लेखीवर भर असावा. प्रौढ, अनुभवी माणसे निवडायची असतील तर मुलाखतीला जास्त वजन देता येईल. १९८५ च्या अशोक कुमार यादव निकालात लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीचे गुण १२.२ टक्क्यांच्या आसपास असावेत, असे आले.

पीएच.डी.चा उमेदवार यातल्या कोणत्या खणात बसतो? तो तेवीस-चोवीस वर्षांचा, नुकताच महाविद्यालयातून आलेला असतो. पण त्याच्याकडून अपेक्षा असते पाच-सहा वर्षे एकट्याने काम ओढण्याची. त्याच रांगेत पंधरा वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून आलेले, चाळिशीतले सरही बसलेले असतात. न्यायालयाची विभागणी इथे सरळ लावता येत नाही, आणि ३० टक्के हा आकडा कुठल्याच जुन्या मर्यादेत बसत नाही.

तीन भूमिका

मुलाखत ठेवावी असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद संशोधनाच्या स्वरूपातून येतो. चार पर्यायांतून एक निवडणे आणि स्वतः प्रश्न उभा करणे यांत अंतर आहे, आणि दुसरी गोष्ट समोरासमोर बसल्याशिवाय दिसत नाही. शिवाय जागा मोजक्या असतात. नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक, त्याहून जास्त नाहीत. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. एक चुकीची निवड झाली की ती जागा सहा वर्षे अडकते. विकत घेतलेला सिनॉप्सिस मुलाखतीत दहा मिनिटांत उघडा पडतो, हाही त्यांचा मुद्दा, आणि तो खरा आहे.

मुलाखत कमीत कमी ठेवावी असे म्हणणारे अनुभवाकडे आणि आकड्यांकडे बोट दाखवतात. आडनाव, गाव, उच्चार, माध्यम या गोष्टी उमेदवार खुर्चीवर बसण्याआधीच खोलीत पोचलेल्या असतात. परीक्षक हेतुपुरस्सर अन्याय करतो असे त्यांना म्हणायचेच आहे असे नाही. ज्याचे बोलणे आपल्यासारखे त्याच्यात आपल्याला चमक दिसते, एवढेच पुरते. लेखी परीक्षेची उत्तरतालिका लागते, तिच्यावर हरकत घेता येते. तोंडी गुणांवर हरकत घ्यायची कशाच्या आधारावर?

तिसरी भूमिका तुलनेने कमी ऐकू येते. तिचे म्हणणे, गुण किती यापेक्षा मुलाखत कशी घेतली यावर सगळे अवलंबून आहे. यामागे निवडीच्या मानसशास्त्रातले बरेच काम आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ऐनवेळी ५० जागा वाढवाव्या लागल्या. चांगले उमेदवार एव्हाना दुसरीकडे गेले होते, म्हणून मुलाखतीनंतरच्या यादीत तळाला टाकलेल्यांमधून ते ५० भरले. आधी निवडलेले १५० आणि हे ५० यांची पुढची कामगिरी तपासली तेव्हा फरक सापडला नाही. १९८७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. दोन गटांच्या क्रमांकातला फरक मुख्यतः मुलाखतीतल्या मतामुळे पडला होता, ही त्यातली बोचणारी गोष्ट.

नोकरभरतीवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये केले, आणि सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ते पुन्हा तपासले. मुलाखतीतले गुण आणि पुढची कामगिरी यांचा संबंध शून्य ते एक या पट्टीवर मोजला, तर नव्या हिशेबात आखीव मुलाखतीला सुमारे ०.४२ आणि मोकळ्या गप्पावजा मुलाखतीला ०.१९ मिळतात. आखीव म्हणजे सर्वांना तेच प्रश्न, उत्तरांची आधी ठरवलेली मोजपट्टी, प्रत्येक परीक्षकाचे स्वतंत्र गुण. हे आकडे नोकरीचे आहेत, पीएच.डी.चे नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. तरी दोन्ही प्रकारांमधले अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २००० नंतरच्या दशकात एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखती, प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, ही पद्धत वैद्यकीय प्रवेशासाठी रुजवली. एका माणसाचे मत बिघडले तरी एकूण निकाल बिघडू नये, हा तिचा हेतू.

तीसचे खरे वजन

कागदावर ७०:३० दिसते तेव्हा लेखी परीक्षा दुपटीहून भारी वाटते. हिशेब करून पाहू. लेखी पात्रता ५० टक्के आहे (सूट असलेल्यांना ४५), त्यामुळे मुलाखतीला आलेले बहुतेक ५० च्या वर, आणि कठीण परीक्षेत ७० च्या वर फारसे कोणी जात नाही. समजा एकाला ६६ आहेत, दुसऱ्याला ५४. सत्तराच्या हिशेबात पहिल्याचे ४६.२ आणि दुसऱ्याचे ३७.८. बारा गुणांची आघाडी ८.४ वर आली. आता तीसपैकी पहिल्याला १४ आणि दुसऱ्याला २४ पडले, तर बेरीज ६०.२ आणि ६१.८. दुसरा पुढे.

यात गैर काही नसेलही. दुसरा खरोखर सरस असू शकतो. मुद्दा इतकाच की लेखी गुण एका अरुंद पट्टीत गोळा होतात आणि मुलाखतीचे गुण आठपासून सत्तावीसपर्यंत मोकळे फिरतात. जिथे गुण पसरतात तिथेच यादीचा क्रम ठरतो. म्हणून ३० चे १५ करा म्हणणारे आणि ३० च ठेवा म्हणणारे, दोघेही नियमातल्या आकड्यावर भांडतात, पण परीक्षकांनी गुण किती पसरून द्यायचे याविषयी नियम काहीच बोलत नाहीत. माझ्या मते या वादातली सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे. जेआरएफधारकांच्या बाबतीत तर हा हिशेबही उरत नाही. तिथे मुलाखत हीच सगळी निवड.

मिरचीचा विषय

आता खोलीच्या आत जाऊ. आपल्या भागातल्या प्रबंधांची नावे एका साच्यातली असतात: ‘अमुकचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ सिल्लोड तालुका’. या साच्याला हसणे सोपे आहे. पण त्याच साच्यात चांगला प्रश्नही बसतो. समजा वाणिज्य किंवा अर्थशास्त्राचा उमेदवार हिरव्या मिरचीच्या विक्रीवर काम करायचे म्हणतो. सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात मे महिन्यात मल्चिंग पेपरवर लागवड होते आणि पावसाळ्यात तोडे सुरू होतात, हे त्याला सांगावे लागत नाही. घरचाच धंदा असतो.

परीक्षक विचारू शकतात, “विपणनाची व्याख्या सांगा.” पाठ असेल तर उत्तर येते, नसेल तर येत नाही, दोन्ही वेळा कळत काही नाही. किंवा ते विचारू शकतात, “व्यापारी शिवारावर गाडी लावून माल तोलून घेतो. तो बाजार समितीच्या आकड्यांत नसेल, तर तुम्ही तो मोजणार कसा?” इथे उमेदवार थांबतो. मग कोणी म्हणते, शेतकऱ्यांकडच्या विक्रीच्या पट्ट्या गोळा करीन. परीक्षक विचारतात, पट्टीच दिली नसेल तर? मग मजुरांच्या तोडणीच्या हिशेबावरून, क्रेटच्या संख्येवरून अंदाज काढता येईल का, अशी चर्चा सुरू होते. २०१६ च्या नियमांतली ‘कुवत’ ती हीच. दोन प्रश्नांना वेळ सारखाच लागतो, पण दुसरा विचारण्यासाठी परीक्षकाने सिनॉप्सिस आधी वाचलेला असावा लागतो.

भाषेचा पेच याच ठिकाणी येतो. कला आणि वाणिज्य शाखेतली आपल्याकडची बरीच मुले मराठीतून शिकलेली असतात आणि शेतीबाजाराचे सगळे ज्ञान त्यांच्याकडे मराठीत असते. समितीवरचे बाहेरचे तज्ज्ञ ‘टेल अस अबाउट युअर रिसर्च प्रॉब्लेम’ म्हणतात तेव्हा पट्टी, तोडा, आडत हे शब्द घशातच राहतात. दुसरी बाजू अशी की विषयाचे वाचन मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आहे आणि ते पेलणार की नाही, हे पाहणे समितीचे कामच आहे. वाचता येते का हे तपासायचे असेल तर एखादा इंग्रजी परिच्छेद पुढे ठेवून त्याचा मराठीत सारांश मागता येतो. बोलण्यातल्या अडखळण्यावरून वाचनाचा अंदाज बांधणे, हे मात्र समर्थकांनाही पटवून देता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट खोलीत ठरतच नाही. मिरचीवर काम करणारा गाईड चार जिल्ह्यांत एखादाच असेल आणि त्याच्याकडे जागा नसेल, तर उत्तम मुलाखतीनंतरही उमेदवाराला मिळेल तो गाईड आणि त्याच्या सोयीचा विषय घ्यावा लागतो. त्यामुळे गाईडची संमती आधीच घेऊन ठेवण्याचा जुना रिवाज नियमांच्या पाठीमागून चालूच राहतो. काही प्राध्यापक त्याला वशिला म्हणतात, काही व्यवहार.

दुसरी टेबले

विद्यापीठाबाहेरच्या संस्थांकडे पाहिले की मुलाखतीचे वेगळेच रूप दिसते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून पदवीधरांना संशोधनाचे प्रशिक्षण देत आले आहे. तिथे बरीच वर्षे लेखी परीक्षा किंवा गेटचे गुण फक्त मुलाखतीच्या यादीपुरते धरले जात आणि अंतिम निवड मुलाखतीवरच होई. पण ती मुलाखत लांब चालते, उमेदवाराला आपले पक्के विषय सांगायला लावतात आणि त्यांच्याच मुळाशी घेऊन जातात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा पुण्याच्या आयसरमध्ये खडू हातात देऊन गणित सोडवायला सांगतात. अडला तर इशारा देतात, आणि इशाऱ्याचा उपयोग तो कसा करतो ते पाहतात. तिथे १०० टक्के मुलाखतीवर फारशी ओरड होत नाही. विज्ञानात उत्तर पडताळता येते हे एक कारण. मुलाखतीला वेळ दिला जातो, हे दुसरे.

सिल्लोडहून तिथे पोचणे मात्र वेगळे प्रकरण आहे. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. एसटीने साठ-पासष्ट किलोमीटर संभाजीनगर, तिथून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई. काही संस्था भाडे देतात. कोविडच्या काळात मुलाखती ऑनलाइन झाल्या आणि काही ठिकाणी तशाच राहिल्या. खर्च वाचला, पण शांत खोली आणि न तुटणारे नेटवर्क ही नवी पात्रता लागू झाली.

तिसरा प्रकार प्रकल्पावरच्या नेमणुकांचा. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असो की कुठलाही विज्ञान विभाग, मंजूर प्रकल्पासाठी जाहिरात निघते, ठरलेल्या तारखेला कागदपत्रांसह हजर राहा म्हणतात आणि त्याच दिवशी मुलाखत होते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम दरमहा ३१,००० वरून ३७,००० झाली, त्यामुळे या रांगाही वाढल्या. प्रकल्प संपला की नेमणूक संपते, आणि तिचे पीएच.डी.त रूपांतर होईलच असे नाही. उमेदवार बऱ्याचदा हा फरक मुलाखतीच्या टेबलावरच पहिल्यांदा ऐकतो.

फेलोशिपचे दार चौथे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांची संशोधन अधिछात्रवृत्ती कोणाला द्यायची, हा प्रश्न परीक्षेने सोडवायचे ठरले, आणि २४ डिसेंबर २०२३ च्या सामायिक परीक्षेत २०१९ च्या सेटचीच (राज्याच्या पात्रता परीक्षेचीच) प्रश्नपत्रिका निघाली. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घ्यावी लागली. परीक्षा वस्तुनिष्ठ आणि मुलाखत व्यक्तिनिष्ठ, ही सोयीची विभागणी अशा वेळी फार ताणता येत नाही.

जे सुटलेले नाही

चार गोष्टींवर सध्या कोणाचेच समाधान नाही. पहिली, मुलाखतीची नोंद. गुण कोणत्या निकषाला किती दिले, हे निकषवार जाहीर करण्यास विरोध करणारे म्हणतात की मग परीक्षक सगळ्यांना वीसच्या आसपास गुण देऊन मोकळे होतील. ही भीती खोटी नाही. ध्वनिमुद्रणाबाबत तर चाळीस वर्षांत चर्चाही पुढे सरकलेली नाही.

दुसरी, नेटच्या गुणांची एका वर्षाची मुदत. विद्यापीठाच्या प्रवेशाचे वेळापत्रक आणि गाईडकडच्या रिकाम्या जागा या मुदतीशी जुळतीलच असे नाही. वर्ष गेले की परीक्षा पुन्हा.

तिसरी, गाईड आणि समिती यांचे नाते. ज्याला पाच वर्षे काम करवून घ्यायचे आहे त्याचे मत समितीत किती चालावे? काही परदेशी विद्यापीठांत ते जवळजवळ निर्णायक असते. आपल्याकडे तसे केले तर २००९ च्या आधीची स्थिती मागच्या दाराने परत येईल, असे एका बाजूला वाटते. दुसऱ्या बाजूला, ज्याने विद्यार्थी निवडलाच नाही तो त्याच्या कामाची जबाबदारी मनापासून घेत नाही, हेही दिसते आहे.

चौथी गोष्ट अजून यायची आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. त्या वर्षी सिल्लोडच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाला बसलेला विद्यार्थी चौथे वर्ष पूर्ण करून ७५ टक्के मिळवील, तर २०२८ मध्ये एम.ए. न करता पीएच.डी.च्या मुलाखतीला येऊ शकेल. तो एकवीस-बावीस वर्षांचा असेल आणि त्याच्या शेजारी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास केलेले उमेदवार बसलेले असतील. दोघांना तेच प्रश्न आणि तीच मोजपट्टी लावायची, की चौथ्या वर्षात केलेल्या संशोधन प्रकल्पावर त्याला वेगळे विचारायचे, आणि तो प्रकल्प करून घ्यायला तालुक्याच्या महाविद्यालयात मान्यताप्राप्त गाईड आहे की नाही हे गुण देताना धरायचे का, याचे उत्तर समित्यांना त्या उन्हाळ्याच्या आत काढावे लागेल.